शर्ट जुनाच हवा होता

डासांना अडवणारं कापड मी पहिल्यांदा घरी नेलं, तेव्हा बायकोने ते आधी नाकाला लावलं. "ह्याला तर वासच नाही," ती म्हणाली. "वास नसलेलं औषध डासाला कळणार कसं?" आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, भांडण मात्र कन्नडमध्ये. त्या संध्याकाळी तिने मला दोनदा 'हुच्च' म्हटलं, म्हणजे वेडा, आणि त्या तुकड्याने ओटा पुसायला घेतला. मी तो हिसकावून घेतला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात यशस्वी मालाचं घरातलं स्वागत हे असं झालं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रोसेसिंग मास्तर होतो. मास्तर म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या शाळेत? मग सांगावं लागतं. मागावरून उतरलेलं कापड कोरं असतं, पिवळट, खळीने कडक झालेलं. ते धुवायचं, रंगवायचं, मऊ करायचं, वाळवायचं आणि दुकानात मिरवण्यालायक करून सोडायचं, हे माझं काम. आधी टॉवेल आणि चादरी केल्या, पुढे युनिफॉर्मचं कापड. हौदातल्या पाण्यात बोट बुडवून मी ते किती तापलंय ते सांगायचो. थर्मामीटर सहसा माझ्याशी सहमत व्हायचा. कधी झाला नाही तर मी थर्मामीटर बदलायचो.

हे डासांचं प्रकरण सुरू केलं आमच्या मालकांनी. नरसय्या शेठ तेलुगू घरातले, बोलायला गोड आणि नव्या वस्तूचे भारी हौशी. कुठल्याशा प्रदर्शनातून ते रबरी पट्ट्या घेऊन आले. मनगटात घालायच्या, त्यातून गवती चहासारखा वास येतो आणि म्हणे डास पळतात. शेठनी दोन्ही मनगटांत एकेक चढवली आणि संध्याकाळी कारखान्यामागच्या नाल्याकाठी खुर्ची टाकून बसले. आम्ही लांबून बघत होतो. दहा मिनिटांत शेठ उठले. मनगटं शाबूत होती, कान लालभडक झाले होते.

"अय्यो मास्तर," ते कान चोळत म्हणाले, "हात वाचला ओ. बाकी शेठ गेला!"

मी म्हणालो, "शेठ, पट्टीचा वास वीतभर पुरतो. माणूस त्याहून मोठा असतो. कापड अख्ख्या अंगावर असतं. औषध कापडालाच लावलं तर?"

हे वाक्य मी सहज बोलून गेलो आणि पुढची कित्येक वर्षं निस्तरत बसलो.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. पॅडिंग मशीन नावाचं एक यंत्र असतं. कापड औषधाच्या हौदातून जातं, दोन रबरी रोलरांमधून पिळून निघतं आणि गरम हवेच्या पेटीतून वाळून बाहेर येतं. कापड पाणी किती प्यायलं, त्यावर औषध किती बसलं ते ठरतं. जास्त बसलं तर माणसाला चांगलं नाही, कमी बसलं तर डास जुमानत नाही. शिवाय धुण्यात निघून जाऊ नये म्हणून चिकटवणारं द्रव्य घालावं लागतं. नीट जमलं तर कापड दिसायला, हाताला, नाकाला अगदी साधं लागतं. डास येऊन बसला की मात्र त्याला ते सोसत नाही. चावायचं विसरून तो उडतो, नाहीतर लडबडतो. उघड्या हातापायांना वेगळं मलम लावावंच लागतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो आणि प्रत्येक जण मान हलवून विसरायचा.

गिऱ्हाइकंही एकेक होती. सात रस्त्याजवळचा एक कटलरीवाला शर्ट घेऊन गेला आणि आठ दिवसांनी भांडायला आला. त्याच्या दुकानात डास तसेच होते. मी विचारलं, शर्ट कुठाय? तर साहेबांनी तो हँगरला लावून गल्ल्याच्या वर टांगला होता. "अहो, तो अंगात घालायचाय," मी म्हणालो, "गणपतीसारखा बसवायचा नाही." दुसऱ्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं होतं, हे कापड पाहुण्यांवर चालतं का? त्यांना मी सांगितलं की संशोधन चालू आहे.

ही झाली गंमत. पण ज्या कामाचा मला खरा अभिमान आहे, ते काम म्हाळूच्या आईचं.

म्हाळू माझ्या पॅडिंग मशीनवरचा कारागीर. तिशीतला, हाताचा साफ, तोंडाचा फटकळ. त्याचे आईवडील धनगर, मंगळवेढ्याकडच्या कोरड्या मुलखातले. पावसाळ्यात ते मेंढरं घेऊन होटगीच्या बाजूला यायचे, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं कोंडायचं वाडगं टाकायचे आणि दिवाळीपर्यंत तिथेच फिरायचे. पाणी, गवत, चिखल, म्हणजे डासांचंही माहेर. आदल्या दोन पावसाळ्यांत त्याची आई मायाक्का तापाने पडली होती. पहिल्या वर्षी हिवताप, दुसऱ्या वर्षी डेंगी. डेंगीत ती आठ दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की परत डेंगी झाला तर पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो.

एक दिवस म्हाळूने मशीन थांबवलं आणि मला सांगितलं, "मास्तर, बास झालं. यंदा आई तापली की मेंढरं विकणार. व्यापाऱ्याशी बोलून ठेवलंय. हितं एमआयडीसीजवळ खोली बघितलीय, दोघं ऱ्हातील आरामात."

"आई काय म्हणते?"

"आईला काय इचारायचं? ती मेली तर कुणाला इचारू?"

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण मायाक्काला मी एकदा त्या खोलीपाशी बघितलं होतं. पोराने दाखवायला आणलं होतं तिला. ती दारात उभी राहिली, आत गेलीच नाही. "हितं मी दिसभर काय करू?" एवढंच तिने विचारलं.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, ट्रायलसाठी पाच शर्ट द्या, उघड्यावर राहणाऱ्या माणसांवर बघू. शेठनी पाच नवेकोरे फुलबाह्यांचे शर्ट दिले, खाकी, डबल खिशाचे. डेंगीचा डास दिवसाउजेडी चावतो. मेंढरांमागे चालणाऱ्या बाईला मच्छरदाणीचा काय उपयोग? तिच्या अंगावरच काहीतरी हवं होतं. शर्ट घेऊन मी आणि म्हाळू होटगीला गेलो. मायाक्का लुगडं नेसायची आणि त्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालायची, जसा आपल्याकडे रानात जाणाऱ्या सगळ्या बाया घालतात. म्हणजे शर्ट तिच्या सवयीतलाच होता. मी अगदी खूष होतो. कसं घालायचं, किती वेळा धुवायचं, सगळं सांगून आलो. तिने शर्टांवरून हात फिरवला. "लई ग्वाड हाय की कापड," म्हणाली.

तीन आठवड्यांनी परत गेलो तर मायाक्काच्या अंगावर तोच जुना चौकड्यांचा शर्ट. कोपरावर फाटलेला, कॉलर उसवलेली. हात खाजवत होती.

"नवे शर्ट कुठं आहेत?" मी विचारलं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. बिरूतात्यांनी मेंढरांकडे बघितलं. मेंढरांनी कुणाकडेच बघितलं नाही.

"भाच्याचं लगीन हुतं अक्कलकोटाकडं," ती म्हणाली. "आहेर केला की."

पाचही शर्ट आहेरात गेले होते! भाचा, व्याही, दोन मेहुणे आणि एक कोण ते तिलाही आठवेना. मी कपाळावर हात मारला. नंतर कळलं ते असं, की त्या मांडवात पाच माणसं निवांत जेवली आणि बाकीचं वऱ्हाड पाय आपटत होतं. पाच जणांपैकी एकालाही कारण माहीत नव्हतं.

मी चिडलो. वय, पांढरे केस, सगळं विसरून त्या बाईवर ओरडलो. "अगं, तुझ्या जिवासाठी दिले होते ते! तुझी मेंढरं जातील, कळतंय का तुला?"

मायाक्काने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मास्तर, तुमी रागावू नगा. नवं कोरं शर्ट घालून मेंढरामागं कोण जातंय? काट्यानं फाटंल, मुताचा वास लागंल. लोकं म्हणतील, धनगरीण नटून निघाली बघा. नवं पेटीत ऱ्हातं, न्हाईतर पावण्याला जातं. अंगावर जुनंच असतंय की."

आणि लगेच पुढे, कोकराला उचलून कडेला करत, "मेंढराला गोचीड झाली तर आमी त्येला नवं कातडं आणतो व्हय? हाय त्येच मेंढरू औषधात बुडवतो. तसं हा शर्ट बुडवा की."

मला वाईट वाटलं ते आहेराचं नाही, स्वतःचं. आयुष्यभर मी कापड जोखलं, त्याचा धागा, वजन, ओल, सगळं. पण ते अंगावर कोण घालतं, कधी घालतं आणि किती जुनं झाल्यावर घालतं, हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात माल गेटबाहेर पडला की आपला संबंध संपला. मायाक्काच्या एका वाक्याने मला पुन्हा शिकाऊ करून टाकलं.

पण जुना कपडा प्रोसेसिंगमध्ये घ्यायचा म्हणजे देवघरात चप्पल नेण्यासारखं आहे. एका मळक्या शर्टाने अख्खा हौद बिघडतो. म्हाळू स्वतः माझ्या अंगावर आला, "मास्तर, आमच्या मशीनवर आईचा फाटका शर्ट चढवणार? शेठ मला हाकलतील!" मशीनवर नाहीच चढवायचं, मी म्हणालो. बादलीत करायचं, होटगीतच. शेठना सगळं खरं सांगितलं. आहेराचा भाग ऐकून ते इतके हसले की त्यांनी औषध, हातमोजे आणि मापाचं भांडं, सगळं लगेच देऊन टाकलं.

पुढचे चार दिवस मी घरच्या गच्चीवर माझ्याच जुन्या शर्टांवर हिशोब बसवला. एक शर्ट किती पाणी पितो, सुती किती, पॉलिएस्टर मिसळलेला किती, पिळल्यावर किती उरतं. बायको जिन्यात उभी राहून कन्नडमध्ये टीका करत होती. चौथ्या दिवशी मात्र तीच माझा डुबवलेला शर्ट घालून गच्चीत पापड राखायला बसली. कौतुकाचा शब्द नाही हं, नुसती बसली.

रविवारी होटगीला गेलो. कपडे आदल्या दिवशी स्वच्छ धुऊन ठेवायला सांगितलं होतं. मायाक्काने तीन शर्ट, बिरूतात्यांचं मुंडासं आणि पांघरायची चादर तयार ठेवली होती. बिरूतात्या मात्र मला हातभार लावायच्या उत्साहात आधीच कामाला लागले होते. घमेल्यात पाणी, शेजारी मेंढराच्या गोचिडाच्या औषधाची बाटली, आणि बूच उघडलेलं.

मी लांबूनच ओरडलो, "तात्या, थांबा! ते जनावराचं आहे!"

"औषध त्ये औषध की," तात्या म्हणाले.

"नाही तात्या. हे कपड्याचं, ते मेंढराचं. ते माणसाच्या अंगाला घासत राहिलं तर त्रास होईल. ठेवा ती बाटली."

तात्यांनी नाराजीने बूच लावलं. मला दोन मिनिटं उशीर झाला असता तर माझ्या अभिमानाच्या या गोष्टीऐवजी मी आज भलतंच काही लिहीत बसलो असतो.

मग हातमोजे घालून एकेक कपडा मापाच्या पाण्यात बुडवला, सगळीकडे सारखा मुरवला, हलका पिळला आणि बाभळीच्या सावलीत वाळत घातला. उन्हात नाही, उन्हाने औषधाचा जोर जातो. उरलेलं पाणी तात्या सवयीने तळ्याकडे न्यायला निघाले. त्यांना परत अडवलं, कारण माशांना ते विष आहे. लांब खड्डा खणून त्यात ओतलं. उघड्या हातापायांना लावायला मलमाच्या ट्यूबा दिल्या. मायाक्काने संध्याकाळी तो चौकड्यांचा शर्ट अंगात चढवला, कॉलर उसवलेलीच. माझ्या हातून गेलेल्या लाखो मीटर कापडात इतकं देखणं कापड मी बघितलं नव्हतं, आणि ते मी विणलेलंही नव्हतं की रंगवलेलंही.

श्रावण गेला. मी दर पंधरा दिवसांनी जात होतो. आता माझं नाव तिकडे 'डुबवणारं मास्तर' पडलं होतं. रुळांवर काम करणारे गँगमन आपली नारिंगी जाकिटं घेऊन यायचे, शेतमजूर बाया नवऱ्यांचे शर्ट आणायच्या, एकीने तर नवऱ्याला विचारलंही नव्हतं. मायाक्काला एक दिवसही कणकण नव्हती. म्हाळू फक्त सोमवारी सकाळी मशीन सुरू करायच्या आधी विचारायचा, "बरी हाय न्हवं?"

भाद्रपदात, पावसाळा सरत आलेला असताना, त्याचा फोन आला. "आई तापली."

मी कारखान्यातून तसाच निघालो. मायाक्का चादर पांघरून पडली होती, अंग फणफणत होतं. म्हाळूचा चेहरा दगडासारखा झाला होता. "बोललो हुतो मी," तो म्हणाला. "ताप त्यो ताप. उद्या व्यापारी येतोय." मायाक्का माझ्याकडे बघत होती. तिने नुसतं इतकंच म्हटलं, "मास्तर, मला डास चावलं न्हाईत. देवाशपथ."

तिला दवाखान्यात नेलं. रक्त घेतलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. बाकड्यावर बसून मी स्वतःला शिव्या देत होतो. माझ्या हुशारीच्या भरात मी एका बाईला खोटी आशा दाखवली असं वाटत होतं. तिला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय उलटा केला आणि विचारलं, "हे किती दिवसांपासून?" टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता, सभोवती पू झालेला. मायाक्काला तो काटा सांगण्याइतका मोठा वाटलाच नव्हता. काटा काढला, गोळ्या दिल्या, पट्टी बांधली. सकाळपर्यंत ताप उतरला. दुपारी रिपोर्ट आला. डेंगी नाही, हिवताप नाही.

म्हाळूने रिपोर्ट खिशात घातला. व्यापाऱ्याला मात्र त्याने थांबवलं नव्हतं.

मायाक्काला घेऊन आम्ही होटगीला परतलो आणि संध्याकाळी व्यापारी आला. पांढरा शुभ्र शर्ट, अर्ध्या बाह्या. तळ्याकडेच्या रानात मेंढरं परतत होती. व्यापारी एकेक मेंढरू चाचपायला लागला आणि दुसऱ्याच मेंढराला त्याने स्वतःच्या मानेवर चापट मारली. मग कोपरावर. मग पोटरीवर. म्हाळू त्याच्या शेजारी कारखान्याचा साधा टी-शर्ट घालून उभा होता, तोही दंड खाजवत होता. समोर मायाक्का आणि बिरूतात्या आपापल्या जुन्या शर्टांत दगडावर निवांत बसले होते.

"लई डास हायत की हितं," व्यापारी वैतागून म्हणाला.

"हायत व्हय?" मायाक्का म्हणाली. "आमाला न्हाई बा जाणवत."

मी तोंड फिरवून हसू दाबलं. म्हाळू मात्र आईकडे बघत राहिला. मशीनवर रोज हेच औषध कापडाला पाजणारा तो माणूस, पण माझी खात्री आहे की त्याला ते काम करतं हे पहिल्यांदा त्या क्षणी पटलं. तो आईच्या पट्टी बांधलेल्या टाचेकडे बघत होता, तिच्या न खाजवणाऱ्या हातांकडे बघत होता.

"बोला," व्यापारी म्हणाला, "कधी न्यायची?"

"न्यायची न्हाईत," म्हाळू म्हणाला.

"अरे, आपलं बोलणं झालंय!"

"तुमचं माझ्याशी झालंय," म्हाळू म्हणाला. "मेंढरं आईची हायत."

व्यापारी मोटारसायकलकडे गेला, जाता जाता चापट्या मारतच. मी उगाच वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावत बसलो. बिरूतात्या नाक शिंकरत उठले आणि चुलीकडे गेले. मायाक्काने काठी टेकून उभं राहायला वेळ घेतला. मग लेकाच्या जवळ जाऊन तिने त्याच्या दंडावर उठलेल्या गांधीवर बोट ठेवलं.

"मास्तर," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढल्या मिरगाच्या आदी या. ह्येचाबी शर्ट डुबवायचा हाय."

गेलो. धुतलेल्या कपड्यांचा ढीग तयार होता आणि म्हाळूचा शर्ट सगळ्यात वर होता.